रोमन सभागृहाचें ख्रिस्तमंदिर

इ. स. ३१३ मध्यें कॉन्स्टंटाइन व लिसिनिअस या दोन रोमन सम्राटांनीं ख्रिस्ती धर्मास मोकळीक दिली. तोंपर्यंत त्या धर्माची उपासना बहुधा घरांतच चाले. युफ्रेटिस नदीच्या कांठीं दुरा-युरोपस येथें असें एक घर उत्खननांत सांपडलें. त्यांतील बाप्तिस्म्याच्या खोलींत खांद्यावर मेंढरूं घेतलेला मेंढपाळ रंगविलेला होता. ख्रिस्ताचें तें सूचक रूप होय.

राजाश्रय मिळतांच प्रश्न उभा राहिला, कीं भव्य प्रार्थनामंदिर बांधावयाचें तें कोणत्या नमुन्यावर? रोमन देवालयांचा आदर्श डोळ्यांपुढें होता. परंतु तेथें मूर्ति गाभाऱ्यांत, वेदी बाहेर आणि लोक उघड्यावर, अशी रचना असे. ख्रिस्ती उपासनेंत तर सर्व समुदाय एका छपराखालीं जमावा लागे. शिवाय ज्या देवतांस बलि देण्याचें नाकारून कित्येकांनीं प्राण वेंचले, त्यांच्याच घराचा आकार त्यांस कसा रुचावा?

म्हणून त्यांनीं बसिलिका पत्करली. बसिलिका म्हणजे न्यायनिवाड्याचें व व्यापाराचें रोमन सभागृह. पुष्कळ सभागृहांस लांब भिंतींत दारें असत. ख्रिस्ती शिल्पकारांनीं मुख्य दार आखूड बाजूस नेलें. त्यामुळें आंत येणाऱ्याची दृष्टि स्तंभांच्या रांगांमधून सरळ समोरच्या अर्धवर्तुळाकार कोनाड्याकडे जाऊं लागली. जेथें न्यायाधीश बसे, तेथें धर्माध्यक्षाचें आसन आलें व त्यापुढें वेदी आली.

रोममधील ॲव्हेंटाइन टेकडीवरचें सांता सबीना हें मंदिर याची साक्ष देतें. पोप पहिला सेलेस्टाइन याच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. ४२२ ते ४३२ या काळांत, पीटर नांवाच्या धर्मोपदेशकानें त्याची उभारणी आरंभिली. आंत संगमरवरी २४ स्तंभ आहेत व वरच्या खिडक्यांतून विपुल प्रकाश येतो. त्याच्या लांकडी दारावरील कोरीव तक्त्यांपैकीं १८ शिल्लक आहेत. त्यांतील एकावर ख्रिस्त दोन चोरांमध्यें हात पसरून उभा आहे. क्रूस मात्र जेमतेमच दिसतो. क्रूसारोहणाच्या उपलब्ध दृश्यांत हें अत्यंत प्राचीन दृश्यांपैकीं एक होय. क्रूस ही गुलामांस द्यावयाची लाजिरवाणी शिक्षा होती, हें ध्यानीं घेतलें म्हणजे कारागिराचा संकोच समजतो.

सभागृह रोमन, स्तंभ रोमन, कारागिरीहि रोमनच. पालटला तो हेतु. ज्या जागीं न्यायाधीश अपराध्यास शिक्षा सांगे, त्याच जागीं शिक्षा भोगलेल्याचें पूजन होऊं लागलें. या कलेचें नवेपण नव्या आकारांत शोधावयाचें नसून या पालटांत शोधावयाचें आहे.