बोजाऱ्याचे पैसे आणि शेकडा तीन



'मुलांना पैशाचं शिक्षण' हा विषय संयोजकांनी मला दिला. मी काही अर्थतज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. त्यामुळे जे बोलेन ते आपल्या यवतमाळच्या अनुभवातलं आणि थोडं माझ्या कामातलं असेल.

आपल्याकडची मुलं पहिली कमाई फार लवकर करतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून घरोघरी जायचं आणि बोजारा गोळा करायचा. संध्याकाळी आई म्हणायची, "आण इकडे, सांभाळून ठेवते." ते पैसे पुन्हा कुणाला दिसले असतील तर हात वर करा! माझं म्हणणं एवढंच, की बोजारा त्या पोट्ट्यांच्याच हाती राहू द्यावा. सोबत एक वही द्यावी आणि किती आले, किती गेले, ते त्यांनीच लिहावं. वही आपण पाहावी, पण खर्चावरून बोलू नये. दहा रुपये वाया गेल्याचं मुलाला स्वतःला कळणं हे आपल्या भाषणापेक्षा जास्त उपयोगाचं.

दुसरी गोष्ट. पगारदार घरात पैसा दर महिन्याला येतो. कापसाच्या घरात तो दिवाळीनंतर वेचणी झाली की येतो आणि पुढच्या हंगामापर्यंत पुरवायचा असतो. त्यातूनच कृषी केंद्राची उधारी, शाळेची फी, दवाखाना आणि लग्नाचे आहेर. हे वाटप आपल्या आयांनी कुठल्याही पुस्तकाविना केलं. तेच मुलांना शिकवता येतं. रोज पाच-दहा रुपये देण्याऐवजी दिवाळीला एक रक्कम द्या आणि सांगा, ही संक्रांतीपर्यंत पुरवायची. मध्ये संपली तर भर घालू नका.

तिसरी गोष्ट व्याजाची, आणि आपल्या जिल्ह्यात ती जिवावर बेतलेली आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतं. का होतं, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. चक्रवाढ व्याजाची गणितं आपण सगळ्यांनी या शाळेत सोडवली. पण 'शेकडा तीन' म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला छत्तीस, हे गणित फळ्यावर कधी आलं नाही. व्याजावर व्याज चढलं तर दहा हजारांचे दोन वर्षांत वीस हजारांच्या वर होतात. आपण सात टक्क्यांनी ठेवलेले दहा हजार दुप्पट व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतात. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवले, तर आठवीच्या मुलाला बचतही कळते आणि कर्जही.

आता सावकार गावात बसत नाही, खिशातल्या फोनमध्ये बसतो. समजा एखादं ॲप पाच हजारांचं कर्ज देतं, पाचशे रुपये शुल्क आधीच कापून साडेचार हजार हातात टेकवतं आणि पंधरा दिवसांत पाच हजार परत मागतं. हिशेब केला तर हे महिन्याला शेकडा बावीसच्या वर जातं! बटण मोठं आणि अटींची अक्षरं बारीक का असतात, हे माझ्या क्षेत्रातल्या माणसाला विचारा. मोठं बटण पटकन दाबलं जातं, म्हणून. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहून देणं आता बंधनकारक आहे. तो आकडा कुठे शोधायचा, हे आपल्या मुलांना कॉलेजात जाण्याआधी माहीत असायला हवं.

साधनं आहेत. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या सहीने चालवता येणारं खातं उघडता येतं. पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होते. मुलगी दहाच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला किमान २५० रुपयांवर चालतं. पण पासबुक कपाटात ठेवू नका. स्लिप मुलांनाच भरू द्या, रांगेत त्यांनाच उभं राहू द्या.

शेवटी एक विनंती. शाळांमधून संचयिका चालायची. मुलंच पैसे जमा करत, मुलंच नोंदी ठेवत. आपल्या तुकडीने शाळेला भेटवस्तू द्यायचं ठरवलं आहे. भिंतीवरच्या घड्याळाऐवजी आठवी-नववीच्या वर्गांसाठी असा बचतीचा आणि व्याजाच्या हिशेबाचा तास सुरू करूया. सरांनी वेळापत्रकात महिन्यातून एक तास द्यावा. शिकवायला आपल्यापैकी बँकेतले, शेतीतले, दुकानातले आळीपाळीने येतील. पहिल्या तासाला मी येते.