निकाराग्वाचा खटला आणि आपला प्रश्न



गाझाच्या बातम्या पाहून तुमच्यापैकी अनेकजण विचारतात, ‘बडे देश कुणाचं ऐकतच नसतील, तर हेगच्या त्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. मी त्याचं उत्तर निकाराग्वाच्या उदाहरणावरून देणार आहे. मध्य अमेरिकेतल्या या छोट्या देशाने चाळीस वर्षांपूर्वी थेट अमेरिकेला त्या न्यायालयात खेचलं होतं.

आधी थोडा इतिहास. १८५६ मध्ये विल्यम वॉकर नावाचा एक अमेरिकी भाडोत्री सैनिक घेऊन निकाराग्वाचा राष्ट्राध्यक्ष होऊन बसला. त्याने तिथे गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली आणि अमेरिकेच्या सरकारने त्याच्या राजवटीला काही काळ मान्यताही दिली. पुढे १९१२ ते १९३३, मधला थोडा काळ सोडला तर, अमेरिकेचं सैन्य तिथे मुक्कामाला होतं. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं सोमोझा घराण्याची हुकूमशाही चालली, तीही अमेरिकेच्या पाठबळावर. १९७९ मध्ये सँडिनिस्टा क्रांतिकारकांनी ती उलथवली.

रेगन सरकारला हे नवं डावं सरकार नको होतं. त्याने ‘काँट्रा’ नावाच्या बंडखोरांना पैसा, शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. १९८४ च्या सुरुवातीला सीआयएने निकाराग्वाच्या बंदरांमध्ये सुरुंग पेरले. त्यात इतर देशांच्या जहाजांचंही नुकसान झालं.

९ एप्रिल १९८४ रोजी निकाराग्वाने खटला दाखल केला. त्याच्या तीनच दिवस आधी अमेरिकेने कळवून टाकलं होतं, की मध्य अमेरिकेतल्या वादांबाबत आम्ही दोन वर्षं या न्यायालयाचा अधिकार मानणार नाही. न्यायालय म्हणालं, असा अधिकार नाकारायचा तर सहा महिने आधी सूचना द्यावी लागते, हे तुम्हीच पूर्वी लिहून दिलेलं आहे. आपल्याला खटला ऐकण्याचा अधिकार आहे, असं न्यायालयाने ठरवल्यावर १९८५ च्या जानेवारीत अमेरिका सुनावणीतून निघून गेली.

न्यायालयाने तिच्या गैरहजेरीतही पुरावे तपासले आणि २७ जून १९८६ रोजी निकाल दिला. त्या वेळी न्यायालयाचे अध्यक्ष होते आपल्या भारताचे न्यायमूर्ती नगेंद्र सिंह. एल साल्वादोरच्या स्वसंरक्षणासाठी हे केलं, हा अमेरिकेचा बचाव १२ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला गेला. काँट्रांना शस्त्रं देणं, बंदरांत सुरुंग पेरणं बेकायदेशीर ठरलं आणि भरपाई देण्याचं बंधनही सांगितलं गेलं. पण निकाराग्वाचं सगळंच मान्य झालं नाही. काँट्रांच्या प्रत्येक अत्याचाराची जबाबदारी अमेरिकेवर टाकण्याइतका पुरावा नाही, असंही न्यायालयाने स्पष्ट केलं. न्यायालय भावनेवर चालत नाही, कागद आणि साक्षीवर चालतं, हे इथे लक्षात घ्या.

मग पुढे काय झालं? निकालाच्या अंमलबजावणीसाठी निकाराग्वा सुरक्षा परिषदेत गेला. ११ देश बाजूने होते, अमेरिकेने नकाराधिकार वापरला. आमसभेत ९४ देशांनी निकाल पाळा म्हटलं, विरोधात फक्त ३ होते. तरी भरपाई मिळाली नाही. १९९० मध्ये निकाराग्वात सत्ता बदलली आणि १९९१ मध्ये नव्या सरकारने खटलाच मागे घेतला.

म्हणजे सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवणं हे बळाच्या वापराच्या बंदीचं उल्लंघन आहे, हे या निकालाने नोंदवून ठेवलं. आजही जगभरातले वकील त्याचा आधार घेतात. भरपाई बुडाली, पण ‘आम्ही बरोबरच होतो’ हे म्हणण्याची सोय अमेरिकेला उरली नाही.

इथे थांबलो असतो, तर तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेला असता. पण निकाराग्वाची दुसरी बाजूही पाहावी लागेल. १९१४ मध्ये याच देशाने कालव्याचे हक्क ३० लाख डॉलरला अमेरिकेला देण्याचा करार केला. शेजारच्या कोस्टा रिका आणि एल साल्वादोरने मध्य अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागितली. निकाल निकाराग्वाच्या विरोधात गेला. निकाराग्वाने तो मानला नाही आणि १९१८ मध्ये ते न्यायालयच बंद पडलं.

आता अलीकडे या. १ मार्च २०२४ रोजी निकाराग्वाने गाझाच्या प्रश्नावरून जर्मनीला हेगला खेचलं. इस्राएलला शस्त्रं देणं थांबवा, ही मागणी होती. १९८४ मध्ये अमेरिकेविरुद्ध देशाची बाजू सांभाळणारे कार्लोस अर्ग्वेयो याही वेळी उभे होते. न्यायालयाने तातडीचे आदेश दिले नाहीत, पण खटला काढूनही टाकला नाही. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा आनंद झाला, मलाही झाला.

पण त्याच निकाराग्वात २०१८ च्या निदर्शनांमध्ये ३०० हून अधिक माणसं मारली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ राजकीय कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला पाठवलं आणि त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. आठवडाभरात आणखी ९४ जणांचं काढलं. त्यात लेखक सर्जिओ रामिरेझ होते, जे ऐंशीच्या दशकात याच राष्ट्राध्यक्ष ओर्तेगांचे उपराष्ट्राध्यक्ष होते. एका सहीने माणूस आपल्याच देशात परका होतो म्हणजे काय, हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. ओर्तेगा सरकार गाझासाठी कोर्टात गेलं, हे योग्यच झालं. त्याने स्वतःच्या नागरिकांवर केला तो जुलूम आहे. पहिल्यामुळे दुसरा माफ होत नाही आणि दुसऱ्यामुळे पहिलं खोटं ठरत नाही. इन्साफाची साक्ष आपल्याच माणसांच्या विरोधात गेली तरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपण इथे संविधानाच्या आधारे हक्क मागतो. मग आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या बाईने त्याच संविधानाच्या आधारे हक्क मागितला, तर ‘आपल्यातली गोष्ट बाहेर नेऊ नकोस’ असं तिला सांगता येणार नाही. कायदा दुबळ्याच्या कामी यायचा असेल, तर आपण सबळ असतो त्या जागीही तो मानला पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊया.