कोनदार बुडाची थोरवी

घराच्या अंगणात किंवा मागच्या पडवीत एखाद्या हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी बांधलेली लाकडी प्रवासी होडी, म्हणजे जिच्यात दोन माणसांना झोपता येईल, स्टोव्ह पेटवता येईल आणि आठवडाभराचे पाणी ठेवता येईल अशी वीस-पंचवीस फुटांची शिडाची होडी, विसाव्या शतकात आवाक्यात आली, हे या मालेच्या श्रोत्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ती कशामुळे आवाक्यात आली असे विचारले की विजेवर चालणारी हत्यारे, जलरोधक प्लायवुड आणि कृत्रिम गोंद यांची नावे घेतली जातात. या तिन्हींचे उपकार मान्य करूनही प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की श्रेयाचा पहिला मानकरी वेगळाच असून तो म्हणजे होडीच्या बुडातला एक साधा कोन होय.

होडी मधोमध आडवी कापली तर जो छेद दिसतो तो दोन प्रकारचा असू शकतो. गोल बुडाच्या होडीत तो वाटीसारखा वळत खाली जातो, तर कोनदार बुडाच्या होडीत बाजूच्या फळ्या आणि बुडाच्या फळ्या एका स्पष्ट कडेवर एकमेकींना भेटतात. या कडेला नौकाबांधणीत ‘चाइन’ म्हणतात. कागदाची सुरळी करता येते, त्याचा शंकू करता येतो, पण तोच कागद नारळावर गुंडाळायला गेले तर सुरकुत्या पडल्यावाचून राहत नाहीत, कारण सपाट वस्तू एका वेळी एकाच दिशेने वाकते. गोल बुडाची होडी लाकडाकडून नेमके हेच नारळाचे काम मागते, आणि म्हणून तिथे प्रत्येक फळी वेगळ्या आकारात कापावी लागते, आतल्या फासळ्या वाफेवर मऊ करून (जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास वाफ) त्या गार होण्याच्या आत जागच्या जागी वाकवाव्या लागतात, आणि हे सारे ज्या हातांना जमते ते हात एका जन्मात क्वचितच हौशी राहतात. कोनदार बूड लाकडाला त्याच्या स्वभावाबाहेरचे काही करायला लावत नाही.

सभागृहात कोकणपट्टीतली जाणकार मंडळी बसलेली आहेत आणि गोल बुडाविषयीच्या या वाक्यावर पुढच्या रांगेत झालेली चुळबूळ व्यासपीठावरून दिसते आहे. पठाण, म्हणजे गलबताच्या तळाचे मुख्य लाकूड, बसवून त्यावर कागदी आराखड्याशिवाय, केवळ नजरेने वाक उभे करणाऱ्या सुतारांच्या विद्येला येथे कोणी कमी लेखत नाही. ती विद्या बापाकडून मुलाकडे वीस वर्षांत जाते. चाळिशीतल्या हौशी माणसाकडे ती वीस वर्षे नसतात, एवढाच मुद्दा आहे.

या मुद्द्याचा सर्वांत मोठा साक्षीदार हॅरी पिजन हा होय, आणि त्याच्यासाठी ठरवलेल्या पाच मिनिटांपेक्षा थोडा अधिक वेळ गेला तरी चालेल. १८६९ साली अमेरिकेतील आयोवा या राज्यात, समुद्रापासून शेकडो मैल आत, शेतकऱ्याच्या घरात तो जन्मला आणि पुढे कॅलिफोर्नियात छायाचित्रकार म्हणून राहिला. १९१७ साली, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याने लॉस एंजेलिसच्या बंदराकाठी ‘आयलँडर’ ही चौतीस फुटांची होडी एकट्याने बांधायला घेतली. आराखडा ‘रडर’ या नौकाविषयक मासिकाने हौशी वाचकांसाठी प्रसिद्ध केलेल्या ‘सी बर्ड’ या छोट्या होडीचा वाढवलेला अवतार होता. त्या मूळ ‘सी बर्ड’मधून मासिकाचे संपादक टॉमस फ्लेमिंग डे यांनी दोन सोबत्यांसह १९११ साली अटलांटिक ओलांडला होता. दोन्ही होड्या कोनदार बुडाच्या होत्या. सुमारे दीड वर्षाचे कष्ट आणि साधारण एक हजार डॉलरचे सामान एवढ्यात ‘आयलँडर’ पाण्यात उतरली, ग्रंथालयातली पुस्तके वाचून पिजन सूर्याच्या उंचीवरून स्थान काढायला शिकला, हवाईपर्यंत जाऊन त्याने होडीची परीक्षा घेतली, आणि १९२१ च्या नोव्हेंबरात निघून १९२५ च्या ऑक्टोबरअखेर तो एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. जोशुआ स्लोकमनंतर असे करणारा तो दुसराच माणूस. केप टाउन सोडल्यावर तो झोपेत असताना होडी किनाऱ्यावर चढली, लाटांनी तिला वाळूत ढकलले, पण पुढे ओढून काढल्यावर ती पुन्हा समुद्रप्रवासाला लागली. त्या काळी जलरोधक प्लायवुड बाजारात नव्हते आणि आजचे कृत्रिम गोंदही नव्हते. तरीही होडी झाली, यातच प्रस्तुत प्रतिपादनाचा पुरावा आहे.

गोंदाच्या कैवाऱ्यांना न्याय द्यायचा तर १९३७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रॉयन यांनी विमानांच्या लाकडासाठी तयार केलेला ‘एरोलाइट’ आणि युद्धकाळात त्याच जातीच्या गोंदाने जोडलेली ‘मॉस्किटो’ विमाने यांचा उल्लेख करावा लागतो. युद्धानंतर ही विद्या होड्यांकडे वळली. मॉरिस ग्रिफिथ्स यांनी हौशी बांधकऱ्यांसाठी चोवीस फुटांची ‘इव्हेंटाइड’ रेखली आणि १९६३ साली जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांच्या ‘मिरर’ या छोट्या होडीने प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांध्यावर काचतंतूची पट्टी चिकटवण्याची रीत घरोघर नेली. मात्र या होड्यांचे बूडही कोनदारच आहे. गोंदाने सांधा धरला, आकार कोनाने दिला.

अध्यक्षांकडून वेळेची चिठ्ठी आली असल्याने भार, शीड आणि खर्च हे तीन विषय सोडून द्यावे लागत आहेत. आपल्याकडे सामान मिळते का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे: स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी दुकानदार ज्या ‘मरीन प्लाय’चे नाव घेतो त्याचे भारतीय मानक आयएस ७१० हे आहे, आणि पाटावर तो क्रमांक छापलेला नसेल तर तो होडीसाठी घेऊ नये. आठ फुटांचे पाट जोडताना कडा जाडीच्या आठपट लांबीने तिरक्या तासाव्यात, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या पाटाला बहात्तर मिलिमीटर. आणि बांधायला घेण्याआधी दरवाज्याची रुंदी मोजावी. (हशा.) हसण्याजोगी गोष्ट खरी, पण तयार होडी बाहेर काढण्यासाठी भिंत पाडण्याची वेळ अनेकांवर आलेली आहे.

उरलेली मिनिटे चाइनच्या त्या कडेलाच द्यायला हवीत. होडी उलटी मांडून बांधली जाते आणि फासळ्यांच्या कोपऱ्यांवरून नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या आडव्या फळीपर्यंत एक लांब पट्टी वाकवून बसवली जाते. हीच चाइनची पट्टी. तिची कड रंध्याने तासायची असते, पण एका ठरावीक कोनात नव्हे, कारण नाळेजवळ बूड उभे असते आणि मागे जाता जाता सपाट होते, त्यामुळे कोन हातागणिक बदलत जातो. येथे कोनमापक उपयोगी पडत नाही. एका सरळ फळीच्या तुकड्याला खडू फासून तो बुडाच्या मधल्या लाकडापासून या पट्टीवर आडवा टेकवायचा आणि किंचित घासायचा. जिथे लाकूड उंच आहे तिथे पांढरी रेघ उठते. ती रेघ रंध्याने काढायची, तुकडा चार बोटे पुढे सरकवायचा, पुन्हा घासायचे. पहिल्या फुटाला एक संध्याकाळ जाते, शेवटच्या फुटाला पाच मिनिटे. खडू पट्टीच्या पूर्ण रुंदीवर सारखा उमटला की प्लायवुडचा पाट तिथे खिळ्याच्या जोराशिवाय, नुसत्या तळहाताच्या दाबाने, जाऊन बसतो.