पत्त्यातील तिरकी रेघ आणि जमिनीचा उतारा



गोव्यातील शेतकऱ्यास एक-चौदाचा उतारा हवा असला, म्हणजे त्यास जमिनीचा सर्व्हे क्रमांक व उपविभाग क्रमांक सांगावा लागतो. कागदावर हे दोन आकडे मध्ये तिरकी रेघ देऊन ११२/३ असे लिहिण्याचा प्रघात आहे. कागदावरील ही रेघ निरुपद्रवी असते. इंटरनेटवरील पत्त्यात मात्र तिला स्वतंत्र अर्थ आहे. तो दुर्लक्षिला गेल्यास रामाच्या जागी गोविंदाचा उतारा निघू शकतो.

वेब सर्व्हरचे काम कचेरीतील आवक-जावक कारकुनासारखे असते. नागरिकाने मागितलेला पत्ता प्रथम त्याच्या हाती पडतो. उतारा तो स्वतः तयार करीत नाही. पत्ता वाचून काम मागील आज्ञावलीकडे सोपवितो. ही सोपवणूक कशी व्हावी, याची पद्धत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत १९९३ साली आखली गेली. तिचे नाव कॉमन गेटवे इंटरफेस, अर्थात सीजीआय. २००४ साली आरएफसी ३८७५ या लेखात ती शब्दबद्ध झाली.

या पद्धतीनुसार सर्व्हर पत्त्याची विभागणी तीन कप्प्यांत करतो. 'स्क्रिप्ट नेम' या कप्प्यात आज्ञावलीपर्यंतचा मार्ग, 'पाथ इन्फो'मध्ये त्यापुढे उरलेला मार्ग आणि 'क्वेरी स्ट्रिंग'मध्ये प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर असतो. पायथन भाषेतील डब्ल्यूएसजीआय या पद्धतीनेही हेच कप्पे स्वीकारले आहेत.

मार्गाचे भाग तिरक्या रेघेनेच वेगळे केले जातात. म्हणून क्रमांकातील रेघ टक्क्याचे चिन्ह, २ आणि एफ या सांकेतिक रूपात पाठविली जाते. परंतु 'पाथ इन्फो' भरताना सर्व्हर हा संकेत उलगडून पुन्हा साधी रेघ करतो. मग क्रमांकातील रेघ कोणती व मार्गातील कोणती, हे आज्ञावलीस उमगत नाही. ती ११२ एवढाच पहिला भाग घेऊन ३ सोडून देऊ शकते. अपाची हा सर्व्हर, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, अशी मागणीच नाकारतो आणि '४०४' असे उत्तर देतो. 'क्वेरी स्ट्रिंग' मात्र न उलगडता जशीच्या तशी पुढे दिली जाते.

यावर उपाय सोपा आहे. सर्व्हे क्रमांक व उपविभाग क्रमांक यांसाठी आरंभापासूनच दोन स्वतंत्र रकाने असावेत. दुसरा रकाना रिकामा आल्यास आज्ञावलीने अंदाज न बांधता मागणी परत करावी. संगणकाची कामे सोपविताना अधिकाऱ्यांनी या दोन गोष्टींचा आग्रह धरावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पत्त्याचे भाग ओळखण्यास शिकवावे. ग्रामस्थांनीही उतारा हाती येताच त्यावरील दोन्ही क्रमांक ताडून पाहावेत. यंत्र वेगवान असले तरी जमीन कोणाची, हे त्यास ठाऊक नसते; त्यास केवळ पोहोचलेली अक्षरे ठाऊक असतात. ती अक्षरे जशी निघाली तशीच पोहोचविणे हे सर्व्हरचे कर्तव्य आहे आणि ती पोहोचली की नाही हे पाहणे, आपणा सर्वांचे.