सुटल्यावर मुक्काम कुठे?

रत्नागिरीच्या विशेष कारागृहातून त्या दिवशी सुटलेला एक माणूस मला एस. टी. स्टँडवर भेटला. "साहेब, रात्री इथं झोपू देतील का?" त्यानं विचारलं. गाव संगमेश्वराकडे, शेवटची गाडीही लागलेली. "पण भाऊ घरात घेणार नाही," म्हणाला.

सुटकेची तारीख सरकार मोजतं; त्या रात्रीच्या अंथरुणाचं काय? औंध संस्थानानं १९३९ साली याचा विचार केला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. कल्पना मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन यांची, आधार औंधच्या पंतप्रतिनिधींचा. कैदी तिथं बायकामुलांसह राहून शेती करत. शिक्षा चालू असतानाच संसार टिकला, की सुटल्यावर घर शोधावं लागत नाही. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून सुचला; कथा त्याच मुलखातल्या गदिमांची. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला, वसाहत फार थोड्यांनी.

आमच्या वाडीत चाकरमान्यांची कितीतरी घरं गणपतीपुरतीच उघडतात. त्यातली एक खोली महिनाभर मागून पाहिली. भाडं कुणी विचारलंच नाही. माणूस कुठून आला, एवढंच विचारलं.

त्या रात्री तो माझ्या पडवीत झोपला. तो कुठून आलाय, हे घरात मीही सकाळीच सांगितलं.