गाडीचा एसी कुरकुरतो तेव्हा

गाडीच्या एसीतून विचित्र आवाज येऊ लागला, तर आधी तो कुठून आणि केव्हा येतो, ते नीट ऐका.

गाडी उभी करा, इंजिन बंद ठेवून फक्त पंखा लावा. वेग वाढवताच फडफड वाढली, तर ब्लोअरमध्ये पाला किंवा कागद अडकलेला असू शकतो. पुष्कळ गाड्यांत केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, तोही तपासा. कचरा काढूनही चिरका आवाज राहिला, तर मोटरचं बेअरिंग झिजलं असावं.

थंड-गरम बदलताना डॅशबोर्डमागे टकटक होते? मग हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटले असतील. ती मोटर बदलावी लागते.

बॉनेटखालची घरघर एसी लावताच सुरू होत असेल, तर कॉम्प्रेसर तपासून घ्या. तो जाम झाला तर पट्टा तुटू शकतो, आणि अनेक गाड्यांत अल्टरनेटरही त्याच पट्ट्यावर चालतो. म्हणून गॅरेज गाठेपर्यंत एसी बंदच ठेवा. गॅसच्या नळ्या स्वतः उघडू नका. आत मोठा दाब असतो.

एसी बंद केल्यावर काही क्षण हलकी फुसफुस ऐकू आली, तर मात्र काळजी नको. तेव्हा गॅसचा दाब समान होत असतो.