‘अनिश्चित’ अहवालाचा अर्थ
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



पॅप तपासणीच्या अहवालावर कधी कधी ‘एएससी-यूएस’ अशी अक्षरे येतात. पेशींत बदल दिसतो, परंतु त्याचे स्वरूप निश्चित सांगता येत नाही, असा त्यांचा अर्थ. जंतुसंसर्गाने वा पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणानेही पेशी अशा दिसतात. एचपीव्ही विषाणूने आणि काही वेळा कर्करोगपूर्व अवस्थेनेही. २००१ च्या बेथेस्डा वर्गीकरणाने यातून ‘एएससी-एच’ हा अधिक संशयास्पद गट वेगळा केला. त्यात कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून पाहणी, टाळता येत नाही.

कॅम्प १ मधील भगिनी, मराठी असो वा सिंधी, अहवाल हाती घेऊन एकच विचारते, “कॅन्सर आहे का?” नुसते ‘नाही’ म्हटले तर ती पुन्हा येत नाही. ‘सांगता येत नाही’ म्हटले तर घरातले कोणी पिशवीच काढून टाका म्हणते. हा धोका काल्पनिक नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची राज्य शासनाला २०१९ मध्ये चौकशी करावी लागली. एएससी-यूएस हे गर्भाशय काढण्याचे कारण होऊच शकत नाही, हे आम्ही येथे स्पष्टपणे नमूद करतो.

आम्ही तिला सांगतो, “ताई, हा कॅन्सरचा निकाल नाही, पण तपासणी अजून अर्धीच झाली आहे.” पुढची पायरी एचपीव्ही चाचणी. विषाणू आढळला तर कोल्पोस्कोपी व गरजेनुसार बायोप्सी. न आढळल्यास तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. चाचणीची सोय नसेल तर वर्षभरात पुन्हा पॅप.

या चाचणीवरील विश्वासाचा आधार महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व टाटा स्मारक यांच्या सहभागाने सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मधील निष्कर्षांनुसार एकाच एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. केवळ पॅपने तितका फरक पडला नाही.

देणगीदारांना नावाची पाटी लावता येईल असे यंत्र देणे आवडते, आणि त्यात गैर काही नाही. आमचे यंदाचे मागणे मात्र या महागड्या चाचणीच्या खर्चाचे आहे. शिवाय भाड्याचे घर सोडून कुटुंब अंबरनाथ-बदलापूरकडे गेले की नोंदवहीतील पत्ता निरुपयोगी ठरतो. म्हणून अहवाल देतानाच आम्ही पुढील तारीख लिहून देतो आणि तिच्या संमतीने, तिच्या विश्वासातील एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांकही नोंदवून घेतो.